बावखल आळीचे काथोडकाका

माझ्या सासूबाईंच्या तेराव्याच्या जेवणाचं आमंत्रण काथोडकाकांनी परत पाठवलं होतं, कारण ते तोंडी होतं.

"तुजा नवरा दारातून बोलून गेला," ते मला म्हणाले. "उद्या मी पानावर बसलो आनि कोनी विचारलं, तुला कोनी बोलवलं, तर मी काय दाखवू? मना लेखी द्या."

घरात दुःख, ओट्यावर पाहुणे, आणि मी वहीचं पान फाडून लिहीत बसले, 'उद्या दुपारी जेवायला यावे.' काकांनी ओळीखाली बोट ठेवून ते वाचलं, तारीख घालायला लावली, घडी करून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी तीनदा भात मागून घेऊन जेवले.

काका सरकारी कचेरीत शिपाई होते. जन्मभर त्यांनी या टेबलावरची फाइल त्या टेबलावर नेली. शिक्षण चौथीपर्यंत, पण कागदावर श्रद्धा अशी, की डॉक्टरांकडेसुद्धा 'दुखणार नाही' हे लिहून मागायचे. "बोलनारा मानूस बदली होऊन जातो, बाय. कागद कपाटात ऱ्हातो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते खाडीकाठच्या गावातले, भातशेतीवाल्या घरातले. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पुतण्याने गावी बोलावलं की म्हणायचे, "तिथं पानी खारं हाय." पाणी दोन्हीकडे नळाचंच होतं.

आमची आळी वसई स्टेशन आणि पापडी यांच्या मधे होती. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. माझे सासरे रत्नागिरीहून आले तेव्हा त्यात बदकं पोहत. मी लग्न होऊन आले तेव्हा कमळाची चार पानं आणि पुष्कळ प्लॅस्टिक होतं. पुढे कुणीतरी त्यात राडारोडा ओतला, वर माती पसरली, आणि तिथे स्कूटर लागायला लागल्या. नाव तेवढं राहिलं. भोवती तीन बैठ्या चाळी आणि एक दुमजली इमारत. खाडीकाठची माणसं, कोकणातली, देशावरची, आणि अगदी टोकाला, चाळीच्या मागच्या पडवीत, इजाबाई.

इजाबाई काकांच्याच वयाची, अविवाहित. भावाबरोबर इथे आली, भाऊ गेला, ती राहिली. तिच्या कोंबड्या काकांच्या दारात वाळत घातलेल्या बोंबलांवर चालून यायच्या. त्यावरून रोज सकाळी भांडण. तिला संताप आला की ती आपल्या घरच्या बोलीत सुरू व्हायची. ते आम्हा कुणालाच समजत नसे, पण काका प्रत्येक वाक्याला बरोबर उत्तर द्यायचे.

"तुजा कोंबडा पाचच्या आधी आरवनार नाय, असं लेखी दे!"

"कोंबड्याची सही घे जा, काथोड्या!"

सकाळचं पाणी या आवाजावर भरलं जायचं. पाणी गेलं की भांडणही संपायचं.

मग आळी पाडून सात मजली इमारत बांधायचं ठरलं. मी समितीची सेक्रेटरी. शिक्षिका आहे, अक्षर चांगलं आहे, एवढीच पात्रता. राहणाऱ्यांची यादी आली, सात पानांची. प्रत्येकाने आपलं नाव बघितलं, सह्या केल्या. काकांनी मात्र ती घरी नेली आणि चार दिवस वाचली. आळीभर हसू झालं. पाचव्या दिवशी त्यांनी सही न करता यादी परत दिली.

"काय झालं काका?"

"मना लेखी पाहिजे."

"काय लेखी पाहिजे?"

"ते त्या मॅनेजरला ठाऊक हाय."

बिल्डरचा मॅनेजर गोड बोलायचा. मी विचारलं तर हसून म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्याला एक्स्ट्रा खोली पाहिजे. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक असतोच. टेन्शन नका घेऊ." ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या दारांतून फिरली.

आधी लोक चेष्टा करत होते, मग बोलेनासे झाले. दुमजली इमारत अतिधोकादायक म्हणून पालिकेची नोटीस लागली. पावसाच्या आधी सगळ्यांनी निघायला हवं होतं, आणि सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एकदम आल्याशिवाय कुणालाच पर्यायी जागा मिळणार नव्हती. काकांचं उत्तर एकच. कुणीतरी त्यांच्या नळाची तोटी मोडली. ते बादली घेऊन पार हमरस्त्यापर्यंत जाऊ लागले. खांदा एका बाजूला कललेला, वाटेत दोनदा बादली खाली ठेवायचे. मी खिडकीतून बघायचे आणि पडदा ओढायचे. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण ओढायचे.

मे महिन्यातल्या एका दुपारी वरच्या गॅलरीचा स्लॅब पडला. खाली शिंद्यांची ऋतुजा दोरीवरच्या उड्या मारत होती. चार पावलांवर पडला. धूळ बसली तेव्हा पोर उभीच होती, हातात दोरी.

शिंदे साताऱ्याकडचे, शांत माणूस, एका कारखान्यात फिटर. ते तिला उचलून घरात ठेवून आले आणि सरळ काकांच्या दारावर गेले. मी मागे धावले. त्यांनी काकांची कॉलर धरून त्यांना भिंतीला लावलं होतं.

"माझी पोरगी मेली असती! एका खोलीच्या हावेपायी! सही कर!"

काकांचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. ते म्हणाले, "पोरीला पानी पाज आधी. ती घाबरलीय."

शिंद्यांचा हात वर गेला. मी ओरडले. हात तसाच थांबला, मग त्यांनी तो दारावर आपटला आणि ते निघून गेले. फळी चिरली.

"मॅनेजर उद्या जेसीबी आणतोय, खोल्या रिकाम्या असोत वा नसोत," मी म्हणाले. माझाही आवाज चढला होता. "काका, कुणाचा तरी जीव जाईल. तुम्हाला हवंय तरी काय?"

ते बराच वेळ शर्टाची तुटलेली बटणं शोधत राहिले. मग ट्रंकेतून त्या यादीची झेरॉक्स काढली आणि माझ्यासमोर धरली. "सव्वीस वाच."

"सव्वीस. कोठार."

"आपल्याकडं कोठार कुठं हाय, बाय?"

मी मनात एकेक दार मोजत आळीच्या टोकापर्यंत गेले. मग लक्षात आलं. सव्वीस म्हणजे ती पडवी. भावाच्या नावाचा कागद नाही, म्हणून इजाबाईची खोली मोजणीत कोठार झाली होती. कोठाराला बदली जागा मिळत नाही. पानाच्या तळाला सेक्रेटरी म्हणून माझी सही होती, सुवाच्य.

"मॅनेजर बोलतो, बघू, करू काहीतरी. मी बोललो, लेखी दे. देत नाय."

"पण मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी हात वर करायला लावले असते." त्यांनी यादीची घडी घातली. "सगले लोक एकीकडं, म्हातारी एकीकडं. किती हात वर झाले असते तिच्यासाठी?"

त्यांनी ती परत ट्रंकेत ठेवली.

"आनि तिला कललं असतं."

"काय?"

"का ती कागदावर कोठार हाय."

बाहेर इजाबाई कोंबड्यांना हाका मारत होती. तिला वाचता येत नव्हतं. तिने मला दोनदा विचारलं होतं, टीचर, मला खालचा मजला मिळेल ना, गुडघे धरतात. मी हो म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. मॅनेजर आला, त्याच्याबरोबर चार अनोळखी माणसं. इजाबाईला मी मुद्दाम पहिल्या मिसाला पाठवून दिलं होतं, चर्चमधून ती नऊच्या आत यायची नाही. काका पडवीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, धुतलेला शर्ट घालून. जेसीबीने टोकाची मोकळी भिंत ढकलली तेव्हा विटा त्यांच्या पायांपर्यंत घरंगळत आल्या. त्यांनी पाय वर घेतले, खुर्ची हलवली नाही.

मी शिंद्यांना यादी दाखवली. बाकीचेही जमले. मी फक्त वाचून दाखवलं, आणि खाली माझी सही आहे हेही सांगितलं. म्हटलं, "माझी किल्ली मी आज देत नाहीये."

मागे कुणीतरी पुटपुटलं, एका बाईसाठी सगळ्यांनी मरायचं का. काकांनी बरोबर ओळखलं होतं. मला वाटलं, आता हात मोजले जाणार.

शिंदे घरात गेले. बाहेर आले ते स्टूल घेऊन. काकांशेजारी ठेवलं आणि बसले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं.

"पोरगी जेवली काय?"

"जेवली," शिंदे म्हणाले. त्यांना मान वर करता येत नव्हती.

मग एकेक खुर्ची, पाट, बादली उपडी घालून माणसं बसत गेली. सगळी नाही. पण पुरेशी. मॅनेजर फोनवर बोलत फेऱ्या मारू लागला. एकदा जेसीबीचं बकेट आमच्या डोक्यांच्या उंचीवर येऊन थांबलं आणि तसंच घरघरत राहिलं. ड्रायव्हरच शेवटी खाली उतरला. म्हणाला, "साब, लोग बैठे हैं. मैं नहीं चलाऊँगा."

कागद दोन तासांनी आला, शिक्क्यासकट. खोली क्रमांक सव्वीस, रहिवासी इजाबेल, तळमजला. काका वाचू लागले. ओळीखाली बोट. उन्हात सगळी आळी उभी, मॅनेजर घाम पुसतोय, आणि बोट तिसऱ्या ओळीवर. "इथं तारीख नाय," काका म्हणाले. तारीख पडली. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

तेवढ्यात चर्चमधून आलेली इजाबाई गर्दी बघून कडाडली, "आता दिलीस होय किल्ली? सगळ्यांना छळलंस!"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं, आणि आळीनेही.

आठवड्यात आळी गेली. आम्ही नालासोपाऱ्याला भाड्याने राहायला गेलो, काका पुतण्याकडे, इजाबाई सांडोरला भाचीकडे. आळीच्या जागी आता पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा आहे. खड्ड्यात पाणी साचतं, पंप लावला तरी पुन्हा येतं. बावखल आहे म्हटलं तर हल्लीचे इंजिनीअर विचारतात, ते काय असतं?

एका शनिवारी शाळा सुटताना काका फाटकाशी उभे होते. दाढी घोटलेली, बारीक झालेले.

"सांडोरला चल माज्यासंगं."

"एकटे जा ना काका. रिक्षा सोडते अगदी दारात."

"एकटा गेलो तर लोक काय बोलतील?" सत्तरी ओलांडलेले काका म्हणाले.

इजाबाई केळीच्या वाडीला लागून असलेल्या ओसरीवर बसली होती. काकांना बघताच तिने सुरुवात केली. तुझ्या हट्टापायी ती शिंद्याची पोर मरता मरता वाचली, लोकांच्या शिव्या खाल्ल्यास, म्हातारपणी लाज कशी नाही. पाऊण तास. मधेच घरच्या बोलीत गेली, परत आली. काका पायरीवर बसून ऐकत होते. एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही. शेवटी ती दमली, आत गेली आणि काही न बोलता त्यांच्यापुढे चहा ठेवून गेली.

परतताना रिक्षात ते बाहेर बघत होते. मी म्हटलं, "काका, एकदा सांगून टाकू का तिला? उगीच तुमच्यावर..."

"नको." थोड्या वेळाने म्हणाले, "पुतन्याच्या घरी सगली चांगली हायत. जेवन वेलेवर देतात. पन कोन ओरडतच नाय मना."

पापडीचा नाका आला. गावच्या बससाठी ते उतरले, पुढे गेले, आणि परत वळून रिक्षापाशी आले.

"पुढल्या शनिवारी शाला कितीला सुटते तुजी?"