सबनीस डॉक्टरांचं बेट

सबनीस डॉक्टरांकडे गेलेला पाहुणा ठरल्या वेळी परत निघाला, असं आमच्या लीड्सच्या मराठी मंडळात कधी कोणी ऐकलं नव्हतं. एक कुटुंब 'चहा घेऊन लगेच निघतो' म्हणून गेलं, ते दुसऱ्या दिवशी नाश्ता करून परतलं.

कारण साधं होतं. डॉक्टर राहायचे गल्सहोमला. किनाऱ्याला समांतर पसरलेलं वाळूचं लांबट बेट, त्यावर सुट्टीला येणाऱ्यांचं गाव, आणि बेटावर जायला-यायला एकच रस्ता. भरती आली की तो पाण्याखाली जायचा आणि पाच-सहा तास वर यायचा नाही. बोलण्याच्या नादात डॉक्टरांना भरतीचं भान राहत नाही, अशी सगळ्यांची समजूत. माझीही. तेव्हा मी जेमतेम सत्तावन्न वर्षांची, म्हणजे अक्कल यायला अवकाश होता. मंडळाची सेक्रेटरी होते आणि मी नसले तर लीड्सचा गणपती मखरात बसायला तयार होणार नाही, असं मला मनापासून वाटायचं.

पहिल्यांदा गेलो ते दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात. डॉक्टर दारातच उभे. डोक्यावर गवती हॅट, गळ्यात दुर्बीण, पायांत सँडल आणि सँडलमध्ये मोजे. माणूस अविवाहित, तीस वर्षं त्या बेटाचा जीपी, म्हणजे गावचा एकमेव डॉक्टर, नुकताच रिटायर झालेला. पाहुण्याला घरात घेण्याआधी गाव दाखवायचं, हा त्यांचा नियम. बेटाबद्दल बोलायचे ते पेशंटबद्दल बोलावं तसं.

"पूर्वेकडून झिजतंय, पश्चिमेकडे वाढतंय. माझ्यासारखंच, वहिनी. केस गेले, पोट आलं."

मग इतिहास. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या एका डॉक्टरानं खोकल्यापासून उदासीपर्यंत सगळ्यावर समुद्रस्नान लिहून द्यायला सुरुवात केली आणि मासेमारांच्या वस्तीचं गाव झालं. बायकांना चाकांच्या लाकडी खोलीत बसवायचे आणि घोडा ती खोली पाण्यात ओढत न्यायचा.

"लोक बरे व्हायचे का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"सर्दी व्हायची. मग सर्दीवर पुन्हा समुद्रस्नान."

पिअरचा, म्हणजे समुद्रात लांबवर गेलेल्या फिरायच्या धक्क्याचा, मधला भाग एका वादळात गेलेला, त्यामुळे टोकाचा बँडस्टँड समुद्रात एकटाच उभा. दीपगृह बांधलं होतं बेटाच्या टोकाला, पण वाळू पुढे सरकत गेली आणि आता ते क्रेझी गोल्फच्या, म्हणजे पोरांच्या छोट्या गोल्फच्या, मैदानात मधोमध. "दीपगृह हललं नाही हो, बेट हललं," असं डॉक्टर अभिमानानं सांगायचे, जणू ते त्यांनीच ढकललंय. किनाऱ्यावरच्या रंगीत लाकडी खोपट्यांपैकी कुठल्या दोघांचं कुंपणावरून वाजलं, कुठल्या गाढवाला पोरं पाठीवर घ्यायचा कंटाळा येतो, सगळं त्यांना ठाऊक. कोणी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "समुद्राला घाई नाही, तुम्हाला कसली?"

मी मात्र तयारीनं गेले होते. रस्ता बंद व्हायची वेळ वहीत लिहून, खाली दोन रेघा मारून. चारला आम्ही उठलो. "सवाष्ण कुंकवाशिवाय जाणार?" म्हणत डॉक्टर कुंकू शोधायला लागले. ते बीपीच्या मशीनमागे सापडलं. मग दारात उभं राहून मी त्यांना अळूवडीची कृती सांगितली. विचारली त्यांनीच होती, पण सुरणाच्या वड्यांवर गेले ती माझी मी. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं, सावकाश, एकेक अक्षर कोरत. आम्ही रस्त्याशी पोचलो तेव्हा तिथं लाटा होत्या. ह्यांनी गाडी वळवली आणि रात्रीचं जेवण डॉक्टरांकडेच झालं.

पुढच्या वर्षी पुन्हा गेलो तेव्हा आमची मुग्धा दिवसांत होती. तारखेला तीन आठवडे होते, जावई कामासाठी ग्लासगोला, आणि ती घरी एकटी. "आई, तू जा ना, मी फाइन आहे," असं तीच म्हणाली. संध्याकाळच्या आत परत येते, असं वचन देऊन मी निघाले. "या वेळी अळूवडी नाही," ह्यांनी गाडीतच बजावलं.

क्रेझी गोल्फपाशी मोबाइल वाजला.

"आई, पॅनिक होऊ नको. माझा वॉटर ब्रेक झाला. तू कुठे आहे?"

बाळंतपणात आईच जवळ हवी, असं मी वर्षभर मंडळातल्या बायकांना ऐकवत होते. आणि आई दीपगृहाला टेकून आइस्क्रीम खात होती. भरतीची वेळ वहीत होती, वही डॉक्टरांच्या टेबलावर.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं नाही. पिअरच्या खांबांवर पाणी कुठवर आलंय ते एकदा पाहिलं. "सव्वीस मिनिटं आहेत. चला." माझ्या हातातून त्यांनी फोन घेतला. "मुग्धा, मी डॉक्टर. पाणी कुठल्या रंगाचं आहे? कळा आहेत? बरं. आधी हॉस्पिटलला फोन कर, मग शेजारणीला बोलाव. आई निघाली आहे." हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. एकही शब्द जास्त नाही.

ते गाडीत पुढे ह्यांच्या शेजारी बसले. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाणी लागलं होतं. "मधून घ्या. आता डावीकडून. इथं आधी चढतं."

"तुम्हाला या वेळा पाठ आहेत?" मी मागून विचारलं.

"तीस वर्षं याच रस्त्यानं बाळंतिणी नेल्या, वहिनी. मिनिट चुकवून चालत नव्हतं."

"मग गेल्या वर्षी?"

ते पाण्याकडे बघत राहिले. "गेल्या वर्षी कोणी बाळंत होत नव्हतं."

थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दवाखाना होता तेव्हा सगळं गाव माझ्याकडे यायचं. आताही भेटले की हसतात, छान हसतात. पण डॉक्टरकडे सहज कोण येतं?"

पलीकडे पोचताच ते उतरले. मागचा रस्ता दिसेनासा होत होता.

"अहो, आता तुम्ही परत कसे जाणार?"

"पाणी उतरलं की जाईन चालत. दारात बोलत थांबू नका. कुंकू नाही, काही नाही. निघा."

ईरा संध्याकाळी झाली, मी पोचल्यावर पाऊण तासानं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुग्धाला आणि ईराला घेऊन गल्सहोमला गेलो. डॉक्टरांनी दहा महिन्यांच्या पोरीला सगळा इतिहास सांगितला. तिनं पिअरच्या वाटेवरच झोप काढायला घेतली, ती त्यांच्या सोफ्यावर तशीच चालू राहिली. डॉक्टर खिडकीशी उभे राहून बाहेर बघत होते. मग वळून म्हणाले, "वहिनी, पंचवीस मिनिटं आहेत. आता निघायला हवं."

बाळंतपणाचं निमित्त नसताना त्यांनी कुठल्याही पाहुण्याला वेळ सांगितल्याची ही पहिलीच खेप असावी.

"बाळ आत्ताच झोपलंय," मी म्हटलं.

"गाडीत झोपेल की."

"छे हो. मधेच उठवलं तर फार रडते."

ईरा कानाशी ढोल वाजवला तरी उठणाऱ्यातली नव्हती. मुग्धानं ते सांगायला तोंड उघडलं, पण तोवर मी तिच्या पायावर पाय दिला होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बूट काढले.

डॉक्टर चवड्यांवर गेले आणि अगदी हळू खिडकी लावून घेतली. बाहेर सीगल फार ओरडत होते.