दीड ताऱ्यांची मोहीम आणि सासूबाईंचा गुडघा

पडद्यास आणि पडद्यावर पडणाऱ्या उजेडास आधी नमस्कार करोन हकीकत लिहिण्यास आरंभ केला ऐसीजे. सिस्टरबाईसाहेब, ज्यांनी पस्तीस वर्षे इस्पितळाचा पुरुष वॉर्ड एका भुवईच्या जोरावर ताब्यात राखिला आणि निवृत्तीनंतरही ती भुवई खाली केली नाही, त्यांनी सेवकास आज्ञा केली की, शेजारच्या घरी समीक्षक आणि त्यांच्या सासूबाई यांजमध्ये फ्रिजच्या चित्रपटावरून जो कलह माजला त्याची खरी बातमी लिहून ठेवावी, पदरचे तिखटमीठ लावू नये. आज्ञा शिरसावंद्य. मीठ लाविले नाही. तिखटाची हमी देववत नाही.

तरी समीक्षक म्हणजे कोण, तर एका मोठ्या दैनिकाच्या शनिवारच्या सहाव्या पानाचे किल्लेदार आणि पाच ताऱ्यांचे वतनदार. बारा वर्षांच्या अमलात सबंध पाच तारे त्यांच्या खजिन्यातून दोनदाच बाहेर पडले, आणि दोन्ही वेळा अर्धा तारा जास्तच गेला ऐसे ते स्वतःच सांगत. त्यांच्या सौभाग्यवती दंतवैद्य, सबब समोरच्याचे तोंड उघडे ठेवून आपणच बोलण्याची विद्या त्यांस उत्तम अवगत. आणि सासूबाई म्हणजे शाळेतील गणिताच्या बाई, एकतीस वर्षे तांबडी पेन्सिल चालवून निवृत्त जाहलेल्या. दीड वर्षामागे सासरे वारले, मग लेकीने आईस आपल्या घरी आणिले आणि खिडकीकडची खोली जहागीर दिली. बाई जेवीत, वर्तमानपत्र वाचीत, विचारिल्यास उत्तर देत. पण हसणे म्हणून जे, ते त्या मागल्या घरीच कुलूप घालून विसरून आल्या ऐसे दिसे, आणि लेकीस त्याचा फार घोर लागला होता. तेव्हा सिस्टरबाईंनी मसलत करोन दर शुक्रवारी दुपारच्या खेळास बाईंना ओढून न्यावयाचा शिरस्ता पाडिला आणि तो एकदाही मोडू दिला नाही.

ऐशात फ्रिजचा चित्रपट येवोन दाखल जाहला. कथानक म्हणावे तर दोन मेहुणे एक जुना फ्रिज जिन्याने सात मजले चढवितात, चवथ्या मजल्याच्या वळणावर तो अडकतो, मग वरही जाईना, खालीही येईना, आणि त्या एका वळणावर दिग्दर्शकाने सव्वा तास काढिला. समीक्षकांनी तो खास खेळात पाहिला, आणि सोबत दुसरे सहा समीक्षक होते, आणि सातही जणांनी हाताची घडी घातली होती; कारण त्या पंगतीत पहिला कोण हसला हे बाकीचे सहा जण टिपून ठेवितात. मग घरी येवोन दीड तारा बहाल केला आणि शेवटी ऐसे वाक्य लिहिले की, हा चित्रपट पाहून ज्यांस हसू येईल त्यांनी आपले डोके तपासून घ्यावे. हे वाक्य त्यांस इतके आवडले की चहा निवेपर्यंत त्यांनी ते तीनदा वाचिले.

दैवगती पाहा. शुक्रवारी दोघी बायका तोच चित्रपट पाहून आल्या, आणि शनिवारी सकाळी दैनिक आले. सासूबाईंनी सहावे पान वाचिले, चष्मा काढिला आणि पानाची चौघडी घातली. पुढल्या शुक्रवारी सिस्टरबाई पर्स आणि पाण्याची बाटली ऐशा सरंजामानिशी दारी हजर जाहल्या, तो आतून निरोप आला की गुडघा दुखतो, आता सिनेमे पुरे. मग सिस्टरबाईंनी ती विख्यात भुवई समीक्षकांवर रोखिली. समीक्षकांस वाटले वयाचे दुखणे असेल, आणि ते आपल्या खोलीत गेले.

शनिवारी सौभाग्यवती रद्दी बांधावयास बसल्या, तो रद्दीच्या ढिगात आईचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा मिळाला. उघडून पाहतात तो आत तिकिटांचे तुकडे, एकूण एक्केचाळीस. त्यांनी तो डबा नवऱ्याच्या मेजावर आणून ठेविला आणि फर्माविले, "वाच. वाचून झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस."

प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर तांबड्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, चार जाहल्या की पाचवी आडवी. झाकणास आतून कागद चिकटविला होता आणि त्यावर फळ्यावरच्या अक्षरात लिहिले होते: एक रेघ म्हणजे एकदा गुडघा आठवला. समीक्षक प्रथम हसले. मग त्यांनी आपली बारा वर्षांची कात्रणवही काढिली, कागदावर दोन रकाने आखिले, एकीकडे तारे आणि एकीकडे गुडघा, आणि दुपारभर ताळा घेत बसले. जो चित्रपट पाहून त्यांनी साडेचार तारे उधळिले होते, ज्यात एक गृहस्थ पावणेतीन तास खिडकीबाहेर पाहतो, त्यात गुडघा एकोणीस वेळा आठवला होता. भुताच्या चित्रपटास अडीच तारे, आणि गुडघा शून्य. पण खाली प्रामाणिकपणे टीप होती की पाय खुर्चीवर घेऊन बसल्यामुळे हे माप धरू नये. दोन्ही रकाने एकमेकांस भेटले ते एक्केचाळीसांत नऊ ठिकाणी, आणि त्यांतील सहा चित्रपट इतके वाईट होते की गुडघ्यानेही तारे वाचिले असावे. समीक्षकांचा जीव थोडा भांड्यात पडला.

शेवटचे तिकीट फ्रिजचे. तारे दीड, गुडघा शून्य. आणि त्याखाली बारीक अक्षरात एकच शब्द, जो बाकीच्या चाळीस तिकिटांवर कोठेही नव्हता: हसले.

हे वाचिताच समीक्षकांचा चेहरा गोरामोरा जाहला. ज्या हसण्याची वाट सारे घर दीड वर्ष पाहत होते, ते आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी आपण त्यास डोके तपासावयास धाडिले, हे त्यांस उमगले आणि फार वाईट वाटले.

मग मोहीम मांडिली. चित्रपट दुसऱ्या आठवड्यातही तुडुंब चालला होता, पासांचा शब्द चालेना, तेव्हा ज्या पुरुषाने बारा वर्षांत तिकिटाच्या खिडकीचे तोंड पाहिले नव्हते तो रविवारी सकाळी रांगेत उभा राहिला, पुढे बावीस आणि मागे अगणित. मागच्या एका काकांनी त्यांस पेपरातल्या फोटोवरून ओळखिले आणि अदबीने पुसिले, "काय साहेब, तुम्हीही डोकं तपासायला का?" आणि सगळी रांग हसली, आणि समीक्षक तो वार छातीवर घेवोन खिडकीपर्यंत पोचले आणि तीन तिकिटे सर केली.

पण खरा गड पुढेच होता. सासूबाईंनी दार लोटून घेतले होते. लेकीने विनविले, सिस्टरबाई वकिलीस गेल्या, काही उपयोग जाहला नाही. तेव्हा समीक्षकांनी आपल्या परीक्षणाचे कात्रण कोऱ्या कागदावर चिकटविले, वर लिहिले की फेरतपासणीसाठी अर्ज, उत्तर चुकले असल्यास रीत दाखवावी, आणि तो खलिता दाराच्या फटीतून आत सरकविला. एकतीस वर्षांत बाईंनी फेरतपासणीचा अर्ज परत पाठविला नव्हता. पंधरा मिनिटांनी दार उघडले, बाई साडी बदलून आणि पेन्सिलीस टोक करोन उभ्या होत्या.

‘जे’ अक्षराची रांग, आसने बारा, तेरा आणि चौदा. मध्ये बाई, डावीकडे सिस्टरबाई, उजवीकडे समीक्षक. पहिला तास समीक्षकांनी हाताची घडी राखिली. मग फ्रिज वळणावर अडकला, आणि मेहुणे एकमेकांवर ओरडू लागले, आणि शेजारी दारे उघडोन सल्ले देऊ लागले, आणि बाईंच्या खांद्यास गचके बसू लागले, आणि त्या हसत सुटल्या त्या डोळ्यांतून पाणी येईतो. त्यांनी जावयाचे मनगट धरिले.

"आमचा फ्रिज ह्यांनी असाच अडकवला होता," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या मजल्यावर, दोन दिवस. खालच्यांनी वायर ओढून दिली, अन् हे बाजूला खुर्ची टाकून बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याला थंड पाणी देत. मला म्हणाले, जिन्यालाच आता स्वयंपाकघर समज."

पुढला सबंध प्रसंग समीक्षकांनी पडद्यावर पाहिला नाही. बाई पडदा पाहत होत्या आणि समीक्षक बाईंना पाहत होते, आणि जिन्यात अडकल्या फ्रिजशेजारी खुर्ची टाकून बसलेले सासरे त्यांस स्वच्छ दिसले. मग त्यांची घडी सुटली आणि तेही हसले, मोठ्याने, सिस्टरबाईंच्या साक्षीने.

खेळ सुटल्यावर बाहेरच्या बाकावर निकाल लागला. समीक्षकांनी अपराध कबूल केला आणि तारे वाढवून देतो ऐसा तहाचा प्रस्ताव मांडिला, तो बाईंनी जागीच फेटाळिला.

"दीड बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "सिनेमा सुमारच आहे, मी कुठे चांगला म्हणाले? पण उत्तर चुकलं तर मी शून्य द्यायची, वहीत मुलाला ढ कधी लिहिलं नाही. तुम्ही सिनेमा तपासा. आमची डोकी कशाला?"

यावर समीक्षकांनी पेन काढोन कलमे लिहून घेतली. तह ऐसा ठरला की, दीड तारा कायम. डोक्याचे वाक्य दैनिकात माफीसह मागे घ्यावे. आणि दर शनिवारी ताऱ्यांखाली गुडघ्याचा आकडाही छापावा. संपादकांनी हा काय प्रकार म्हणून विचारणा केली, पण महिन्याभरात वाचकांनी आपापली मापे धाडिली, कोणी कंबर, कोणी मोबाईल, एका आजोबांनी डुलक्या, आणि संपादकांनी तो रकाना कायम केला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, गुडघा शुक्रवारच्या चाकरीवर पुन्हा रुजू जाहला, आणि डबा रद्दीतून उठोन आपल्या फळीवर गेला. त्यात त्या रविवारचे एक तिकीट परक्या अक्षराचे आहे, आसन चौदा. पाठीवर लिहिले आहे: तारे दीड. घड्याळ पाहिले, शून्य वेळा. हसलो. आणि त्याखाली तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली आहे.