बॉनेटखालचा जावई

एकदा चढवलेला रंग पुन्हा निघता कामा नये, या विषयात धाकट्या जावयाइतका जाणकार माणूस शोधून सापडला नसता! हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ते तो कुणालाही, न विचारता, उभ्या उभ्या ऐकवायचा.

फ्रिजच्या दुकानाचा व्यवस्थापक होता तो. दिवसभर फ्रिजांच्या पाठीवर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचा, "याला म्हणतात पावडर कोटिंग! ब्रशचं काम नाही हे. कोरडी पावडर उडवायची आणि भट्टीत भाजायची. तुम्ही म्हातारे व्हाल, पण हा दरवाजा होणार नाही!"

गिऱ्हाईक जरा दचकायचं, पण फ्रिज घ्यायचं.

त्यामुळे सासऱ्यांनी ती घोषणा केली, तेव्हा गाडी आपलीच झाली अशी खूणगाठ त्याने जागेवरच बांधली.

घोषणा अशी होती: "मला आता रस्ता नीट दिसत नाही. गाडी देऊन टाकायची आहे. जावई दोन, गाडी एक. बाहेरून गाडी कुणीही चमकवतो. मी बॉनेट उघडून बघणार! ज्याच्या हातून इंजिनाला आयुष्यभर टिकेल असं रूप येईल, त्याची गाडी."

सासरे दातांचे डॉक्टर. निवृत्त झाले, पण रोग्याच्या तोंडात घालायचा तो लांब दांडीचा चिमुकला आरसा अजून खिशात असायचा. घरात नवं कपाट आलं की आधी त्याची पाठ आरशात बघायचे. धाकटा जावई त्यांच्याकडे पहिल्यांदा आला, तेव्हा नाव विचारण्याआधी त्याला आ करायला लावलं होतं!

"क्रोम!" थोरला जावई म्हणाला. त्याचं नळांचं दुकान. "आमचे नळ बघा. तोंड दिसतं त्यात."

"म्हणूनच नको," धाकटा म्हणाला.

"साडूभाऊ, इंजिनाला फ्रिजचा रंग देणार? उद्या आत भाजी ठेवाल!"

"आणि तुम्ही काय, बादली लावणार खाली?"

सासऱ्यांनी दोघांना गॅरेजमधलं एकेक जुनं झाकण दिलं. थोरल्याने घाईघाईत गंजावरच क्रोम चढवून आणलं. सासऱ्यांनी कड टोकदार आकडीने खरवडली, तर कांद्यासारखा पापुद्रा निघाला. मग धाकट्याचं झाकण. आकडी घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा सासऱ्यांचं कपाळ घामाने डबडबलं, पण रंग जागचा हलला नाही.

"पास!" सासरे म्हणाले. "मात्र एक ध्यानात ठेवा, जावईबापू. दाताला कॅप बसवली की ती हिरडीच्या आतपर्यंत गेली पाहिजे. आरशात मला कणभरही जागा उघडी दिसली, तर सगळं काम नापास. मग साडूभाऊंना संधी."

थोरला पापुद्रा खिशात घालत गोड हसला.

घासणे

घासला. गाडी आपल्या घरी नेऊन इंजिनाचा सुटा होणारा प्रत्येक भाग धाकट्याने सुटा केला आणि इतका घासला की शेजारच्यांनी रेडिओ मोठा केला, तरी आवाज वरचढ ठरला.

रंग निवडणे

पांढरा! सासऱ्यांच्या काळजाला हात घालायचा तर दुसरा रंग कुठला?

"कुठला पांढरा?" बायकोने विचारलं.

"निरोगी दाताचा."

तिने नमुना उजेडात धरला. "हा कवळीचा आहे."

"तेच ते! कवळी कधी किडते का?"

भाजणे

(हा भाग स्वयंपाकघरात घडला. दार बंद होतं, त्यामुळे नुसते आवाजच ऐकायला मिळतील.)

"अहो, ओव्हनमध्ये काय आहे?"

"टॅपेट कव्हर. इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण."

"आणि त्याच्याखाली?"

"पंख्याची पुली. दार उघडू नकोस, फुगे येतील!"

"माझा केक?"

"बाहेर काढून ठेवलाय."

"तो कच्चा होता!"

"त्याचा आकार चांगला टिकला आहे पण."

"घरभर कसला वास येतोय हा?"

"नव्या फ्रिजचा."

"हे काय, एवढं मोठं, माणसाच्या पंजासारखं?"

"मॅनिफोल्ड. इंजिनातला जळका धूर बाहेर नेतो."

"म्हणजे हे तापतं."

"तापू दे की! ओव्हनमध्ये भाजून काढलाय त्याला. त्याला काय तापण्याचं नवल?"

यावर केक उचलल्याचा आवाज आला. बऱ्यापैकी जड आवाज होता.

काही सोडायचं नाही!

पाठ, पोट, काखा, कानाकोपरे, सगळ्यावर पावडर बसली. बोल्टच्या आट्यांतसुद्धा बसली. ते परत लावताना किंचाळत आत गेले. घट्ट गेले म्हणजे चांगलंच की! इंजिनाचं मुख्य धड तेवढं ओव्हनच्या दारातून जाईना. तिथे त्याने काळजावर दगड ठेवून ब्रशने रंग मारला, आणि ही गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही.

शेवटी हातात राहिली एक चपटी, विणलेली तांब्याची पट्टी. दोन्ही टोकांना एकेक भोक. इंजिनाच्या कमरेपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत लावलेली होती.

'हा दागिना दिसतो,' त्याच्या मनात आलं. 'कंबरपट्टा.' त्याने पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी केली, भोकांच्या कडांसकट, आणि भाजली. हौसेने दोनदा.

चमक

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या फाटकात सगळे जमले. सासूबाई, दोघी बहिणी, दोन्ही साडू, आणि कुंपणावर कोपरं टेकून शेजारी. पहिली किल्ली सासऱ्यांनीच फिरवावी म्हणून धाकट्याने गाडी दोराने ओढून आणवली होती. त्याने बॉनेट उचललं.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "न्हाणीघर वाटतंय!"

सासरे वाकले. आरसा टॅपेट कव्हरच्या खाली गेला, पुलीच्या मागे गेला, मॅनिफोल्डच्या बोटांमधून फिरला. थोरला श्वास रोखून कणभर उघड्या जागेची वाट बघत होता. सासऱ्यांनी कंबर सरळ केली तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"एकही जागा नाही," ते म्हणाले. "जावईबापू, असं तोंड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही!"

धाकट्याने साडूकडे बघितलं. नुसतं बघितलं. त्यात सगळं आलं.

"आता एक फेरी मारू, आणि किल्ली तुमची!" सासरे चाकामागे बसले. किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्.

"बॅटरी उतरली असणार," थोरला आशेने म्हणाला. सासऱ्यांनी हॉर्न दाबला. कुंपणावरची सगळी कोपरं एकदम उडाली. दिवे लावले, लख्ख लागले.

"मग इंजिन का बोलत नाही?"

"तुमच्या हातात आरसा बघितला ना त्याने," सासूबाई म्हणाल्या. "वाचा बसली असेल."

सासरे उतरले, परत वाकले. या खेपेला आरसा एका जागी थांबला.

"जावईबापू, हे काय आहे?"

"कंबरपट्टा."

"ही अर्थिंगची पट्टी आहे! वीज बॅटरीकडे परत जाते ती हिच्यातून! उघडा धातू उघड्या धातूला टेकला तर जाणार ना? तुम्ही दोन्ही टोकं बंद करून ठेवलीत! वीज जाईल कुठून? तुमच्या खिशातून?"

"आपणच म्हणालात, कणभर जागा उघडी दिसली तर..."

सासरे आरसा सदऱ्याला पुसू लागले. शेजारी आपसात बोलू लागले.

"खरवडा!" थोरल्याला कंठ फुटला. "दोन टोकंच तर खरवडायची आहेत!"

पॉलिश पेपर आला. पेपर गुळगुळीत झाला. कानस आली. कानशीचे दात पांढरे झाले. सासऱ्यांनी दवाखान्यातली जुनी हत्यारं आणली, ज्यांच्या नुसत्या दर्शनाने गावातली अर्धी माणसं घरी परत गेली होती. त्यातली एक आकडी वाकली.

"बघा!" धाकटा आनंदाने ओरडला. "निघतोय का? निघतोय का बघा!"

"अहो, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" बायकोने विचारलं.

शेवटी दोन्ही साडूंनी पट्टी दोन बाजूंनी धरून फरशीवर घासली, कपडे धुतल्यासारखी. तांबं दिसलं. पट्टी बसली. किल्ली फिरली आणि इंजिन असं गरजलं की शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या!

धाकट्याने मान तुकवून त्या स्वीकारल्या. खरं तर टाळ्यांचा वेळ बेतशीरच होता, कारण तेवढ्यात मॅनिफोल्ड पिवळा पडला. मग तपकिरी. मग त्यावर फोड आले, आणि सासऱ्यांच्या देखत, एका मिनिटात, पांढऱ्याशुभ्र इंजिनात एक भलीमोठी दाढ किडली! धूर बॉनेटखालून निघाला तो थेट कुंपणावर.

"फ्रिजला असं कधीच होत नाही!" धाकटा म्हणाला.

"फ्रिज पेटवतात का?" सासरे ओरडले.

"बाजूला व्हा!" थोरला गरजला. "पाण्याचं माझ्यावर सोडा!" बागेचा पाइप खेचून त्याने नळ पूर्ण उघडला. नळ त्याच्याच दुकानातला होता, धार जबरदस्त होती. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं.

टण्ण!

मॅनिफोल्डला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. सगळीकडे वाफ, आणि वाफेच्या आत सासरे, ज्यांचा फक्त आरसा चमकत होता.

निवू देणे

सगळे पायरीवर बसले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"एकाने जाळलं," सासरे म्हणाले, "दुसऱ्याने फोडलं."

"पण बाबा, बाकी सगळं टिकलंय," धाकटा म्हणाला. आवाज खालचा होता, पण मुद्दा खरा होता.

"टिकलंय," सासऱ्यांनी कबूल केलं. "शब्द दिला म्हणजे दिला. ज्याचं काम जिथवर टिकलं, तिथवर त्याचं. बॉनेटखालचं सगळं धाकट्यांचं. राहिलेली गाडी थोरल्यांची. फोडलेलं भरून द्यायचं थोरल्यांनी, आणि त्या नव्या भागाला काय लावायचं ते यापुढे धाकट्यांनी मला विचारून."

"म्हणजे मला कुठं जायचं असेल तर..." थोरला चाचरला.

"इंजिनवाल्यांना विचारायचं."

"आणि मला?" धाकट्याने विचारलं.

"चाकवाल्यांना."

नवा मॅनिफोल्ड आला आणि बिनरंगाचाच बसला. तेव्हापासून गाडी निघते ती दोन्ही साडूंना घेऊनच. चाकामागे थोरला, शेजारी आपल्या मालमत्तेवर कान ठेवून धाकटा. लाल दिव्याला गाडी थांबली की तो उतरतो, बॉनेट उचलतो आणि बाजूच्या मोटारसायकलवाल्याला म्हणतो, "नखाने खरवडा! अहो, खरवडा तर खरं!" मागचे हॉर्न वाजवतात. थोरला काचेवर डोकं टेकवतो.

एवढं सुरळीत चाललं होतं. पण परवा बॉनेटलाच रंग द्यायची वेळ आली. थोरल्याचं म्हणणं, पत्रा गाडीचा, म्हणजे माझा, क्रोम करणार! धाकट्याचं म्हणणं, पत्र्याची आतली बाजू बॉनेटच्या खाली येते, म्हणजे ती माझी, आणि क्रोमच्या टाकीत पत्रा बुडवला तर माझी बाजूही बुडणार, त्याचं काय? दोघंही न्याय मागायला सासऱ्यांच्या फाटकात उभे राहिले आणि एकदम बोलू लागले. वरची खिडकी हळूच बंद झाली.

सासूबाई सांगतात, डॉक्टर पुन्हा दवाखाना उघडायचं म्हणताहेत. तिथं निदान समोरच्याचं तोंड उघडं असलं, तरी त्याला बोलता येत नाही!