टिटवी घोडीची हकीकत

श्रीअश्विनीकुमार प्रसन्न. वडिलांचे मुखें ऐकिली ते हकीकत यथामति लिहिली असे. शके १८०२, विक्रम नाम संवत्सरे, चैत्रमासीं महाराजांचे पागेत विलायती अस्सल घोडी चंद्रावळ व्याली आणि शिंगरी झाली. बाप दर्याफत्ते म्हणोन नामी घोडा. परंतु लेकीचे पाय लांब, काडीसारखे, उभी राहे आणि पडे. महाराज पाहावयास आले, ते हांसोन बोलिले, "जानराव, ही घोडी की टिटवी?" तेच नांव पडिले. जानराव धायबर पागेदार मोठा करडा, घोड्यांची चाकरी करणारे मोतद्दार त्यास चळचळा कांपत, परंतु शिंगरीपाशी मेणाहून मऊ होय, आणि घरधनीण म्हणे, "पोटच्या लेकीस इतके लाडाविले नाही हो!"

मग पाय भरले आणि तिसरे वर्षी टिटवी मैदानी उतरली. वरी लतीफखान चाबुकस्वार. पहिलेच शर्यतीस सर्वांस धूळ चारिली, मग दुसरी मारिली, तिसरीही मारिली, आणि रयत गूळ-हरभरा घेऊन पागेशी येऊ लागली. महाराजांस अभिमान चढोन शेजारील राजे पाहुणे बोलाविले आणि थोरली शर्यत मांडिली. टिटवी सर्वांपुढे, महाराज उभे राहोन शाबास म्हणताती, तों शेवटले वळणी जानरावाने पाहिले की टिटवी उजवा पाय चोरिते, पुरता टेकीत नाही. तो भर दरबारादेखत कठड्यावरोन ओरडिला, "खान, आवरा! घोडी आवरा!" खानाने लगाम खेंचिला, आणि परके घोडे पुढे निघोन गेले.

महाराज क्रोधे लाल जाहले. "जानराव, चार राजांपुढे आमचे नाक कापिले!"

जानराव हात जोडोन बोलिला, "महाराज, शर्यत पुढले साली फिरोन मारू. हा पाय गेलिया घोडी कोठोन आणावी? शिक्षा मजला व्हावी, खानास बोल नसावा."

महाराज खाली उतरले आणि घोडीचे त्या पायाचे नळीस हात लाविला, तों चुलीसारखी तापली. मग लगाम आपले हाती धरिला आणि पाहुणे पाहत असतां पायी चालोन घोडी पागेत आणिली. जानराव मागोन चालिला, त्याचे डोळा पाणी खळेना.

सारांश, टिटवी पुन्हा धावली नाही, पागेत सुखे नांदली, शिंगरे दिली, आणि थोरल्या लेकाने तेच मैदान मारिले ते दिवशी महाराज पाहुण्यांस बसवोन आधी तिचे ठाणी गेले आणि म्हणाले, "बाई, तुझा लेक जिंकला." टिटवी गवत खात होती, ती खातच राहिली.