शुद्ध केलेली गंगा

बँकेने बदली करून कोलकात्याला धाडल्यापासून चंद्रकांतने पाण्याची जी धास्ती घेतली, ती दोन वर्षांत तसूभरही कमी झाली नव्हती. बागबाजारच्या भाड्याच्या घरात फिल्टर होता. तरी हा पाणी आधी उकळायचा आणि मगच फिल्टरमध्ये ओतायचा. (फिल्टरवर विश्वास होता, पण आंधळा नव्हता.)

त्या सकाळी उठून बघतो तर ओट्यावर भरलेली कळशी, आणि आत चहाच्या रंगाचं पाणी.

"नळाला हे असलं येतंय!" म्हणून त्याने कंबर कसली. तुरटी फिरवली, गाळ बसू दिला, वरचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, वीस मिनिटं खळखळून उकळलं. निवल्यावर क्लोरीनचे थेंब टाकले. (बाटलीवर दोन लिहिले होते, त्याने चार टाकले. घरात सासूबाई पाहुण्या होत्या ना!) उरलेला गाळ मोरीत गेला.

इतक्यात सरलाबाई, म्हणजे त्याच सासूबाई, तांब्याचा गडू घेऊन आल्या. दुपारी हावड्याहून त्यांची गाडी होती.

"चंद्रकांतराव, कळशीतलं पाणी कुठंय?"

"हे काय, आई! बघा, तळ दिसतोय."

"अहो, ती गंगा होती! पहाटे शैलाला घेऊन घाटावरून आणली मी. पूजा करून गडूत भरायची होती."

"गंगा उकळलीत तुम्ही?" चंद्रकांतची बायको शैला दारातून ओरडली.

सरलाबाईंनी रिकामा गडू ओट्यावर ठेवला. यजमानांबरोबर, म्हणजे दत्तात्रयरावांबरोबर, गंगा न्यायला यायचं चाळीस वर्षं ठरत होतं. ते गेल्या साली गेले, म्हणून त्या एकट्या आल्या होत्या. त्यांचे गुडघे आता पुन्हा पायऱ्या उतरणार नव्हते. चंद्रकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कळशी उचलली आणि चपला न घालताच घाट गाठला.

"आस्ते, दादा, आस्ते!" कुणीतरी ओरडलं. तोवर चिखलावरून पाय सटकला होता आणि चंद्रकांत कळशीसकट पाण्याखाली गेला होता. (तोंड मात्र घट्ट मिटून.)

निथळत घरी आलेल्या जावयाकडे सरलाबाईंनी पाहिलं, मग कळशीत पाहिलं.

"छान गढूळ आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "ह्यांच्या वाटची डुबकी तुम्ही मारलीत हो."

आठ दिवसांनी सांगलीहून त्यांचा फोन आला. गंगापूजन थाटात झालं होतं.

"सगळ्यांनी तीर्थ घेतलं. तुमच्या वाटचं बाटलीत भरून पाठवतेय."

चंद्रकांतची नजर फिल्टरकडे गेली.

"घाबरू नका," सरलाबाई म्हणाल्या, "तुमच्यापुरतं उकळलंय."