मास्तरांची पद्धत

मोटार शिकवणारे मास्तर हल्ली बोलता बोलता मध्येच हरवतात, असे त्यांच्या बायकोचे म्हणणे होते. "अर्धं वाक्य बोलता आणि भिंतीकडे बघत बसता. हाक मारली तरी पत्ता नसतो तुमचा," ती म्हणायची.

"मी विचार करत असतो," मास्तर म्हणायचे. "या घरात कुणाला ठाऊक नसेल, पण माणसं विचार करतात."

मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र बायकोचे ऐकले. मेंदूचा आलेख काढायचा ठरला. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आलेखात फिट्स दिसल्या तर पुढेही नाही. गाडीखेरीज मास्तरांना दुसरे काही येत नव्हते. साधा चहा टाकला तरी दूध उतू जायचे.

तपासणी झोपेत व्हायची होती, म्हणून आदली रात्र जागायची होती. मास्तरांना जागे ठेवायचे काम बायकोने अंगावर घेतले आणि दोघेही जागली. सकाळी मेहुण्याने शिकवणीच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात सोडले, किल्ली हातात दिली आणि तो कामाला गेला.

टेक्निशियनने मास्तरांच्या डोक्यावर चिकट मलम लावून वायरी डकवल्या. "हं, झोपा आता काका."

पण मास्तरांना झोप येईना. डोळे मिटले की लायसन्स दिसायचे. डोक्यातले सगळे पडद्यावर उमटते म्हटल्यावर त्यांनी वाईट विचार टाळायचे ठरवले, आणि मग तेवढेच विचार यायला लागले.

"काका, रेषा नुसत्या उड्या मारतायत. जबडा सैल सोडा."

"सोडलाय."

"दात खाताय तुम्ही."

शेवटी टेक्निशियनने एका पेल्यात झोपेचे औषध ओतले, "हे द्या" म्हणून बायकोच्या हातात ठेवले आणि तो फोन घ्यायला बाहेर गेला. बायको खुर्चीत पेंगत होती. आपल्या घशाला कोरड पडलीय हे या भल्या माणसाने ओळखले, असे तिला वाटले. तिने एका घोटात पेला संपवला.

"अगं, ते माझं होतं!"

"कडू आहे हो इथलं पाणी," एवढे बोलून ती मास्तरांच्या पायाशीच आडवी झाली.

"घाबरू नका, नुसती झोप आहे," ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाडी पाहून सांगितले. दुसरा डोस मोठ्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मिळेना आणि ते राउंडला गेलेले. बाहेर पेशंट खोळंबले होते. टेक्निशियनने वायरी उपटल्या. "पुढच्या महिन्यातली तारीख घ्या."

केसांत मलम, व्हीलचेअरवर घोरणारी बायको आणि खिशात चालवता न येणाऱ्या गाडीची किल्ली. कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या मास्तरांना रडावेसे वाटले.

तेवढ्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या बाई ड्यूटी संपवून निघाल्या. त्या मास्तरांकडेच गाडी शिकत होत्या. "मी सोडते की! तुम्ही शेजारी बसा," त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यांचे रिव्हर्स पाहिले होते, पण इलाज नव्हता. बायकोला मागच्या सीटवर निजवून ते निघाले.

"चौकात डावीकडे घ्या. क्लच दाबा... आता हळूच..." मास्तर म्हणाले. "सोडा."

"आता काय सोडू?"

मास्तरांनी बाहेर पाहिले. चौक कधीच मागे पडला होता.

"वळण कुणी घेतलं?"

"मीच. तुम्ही नेहमीसारखे गप्प झालात ना."

"नेहमीसारखा?"

"ऐन अडचणीच्या जागी तुम्ही गप्प होऊन समोर बघत बसता. आधी हातपायच गळायचे आमचे. मग कळलं, ही मास्तरांची पद्धत आहे. माणसाला एकटं सोडलं की तो आपोआप शिकतो. माझ्या जाऊबाईंना तेवढ्यासाठीच तुमच्याकडे पाठवलं मी."

मास्तरांचे विद्यार्थी पहिल्याच परीक्षेत पास होत. साऱ्या गावात त्यांचे नाव होते. ते सगळे नाव त्यांच्या गैरहजेरीत झाले होते.

"परत हॉस्पिटलला चला," ते कसेबसे म्हणाले. "मोठ्या डॉक्टरांना हे सगळं सांगा."

"पण मास्तर, तुमचं लायसन्स?"

"मी आता काही सांगणार नाही. तुमची तुम्ही वळवा गाडी."

बाईंनी आरसा पाहिला, इंडिकेटर लावला आणि गाडी झकास वळवली. मास्तरांनी मागे पाहिले. "अगं, ऐकलंस का? तुझंच बरोबर होतं."

बायको घोरत होती.

"त्या उठल्या की परत सांगा," बाई म्हणाल्या.

"छे हो," मास्तर म्हणाले, "एकदाच जमणार होतं ते."