कपाटातल्या कपाची चौकशी

इतिहासाच्या बाईंनी सातवीला गृहपाठ दिला, ‘घरातली एक जुनी वस्तू निवडा, तिची हकीकत विचारा आणि पुरावा शोधा.’ तिसऱ्याच दिवशी एका मुलीचे आजोबा तणतणत मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले. बाईंना तासावरून बोलावणं आलं.

“चाळीस वर्षांची इभ्रत धुळीला मिळवलीत!” आजोबांनी एक चकचकीत कप टेबलावर आदळला. “पोहण्याच्या शर्यतीत मिळवलेला कप आहे हा माझा. नातीनं पॉलिश लावून घासला, आणि बघा काय निघालं!”

बाईंनी वाचलं: ‘मुलींचा गट, तिसरा क्रमांक.’ हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला.

मुख्याध्यापिका मात्र गंभीर होत्या. इतिहासाचे दोन तास गणिताला द्यायचं त्यांच्या मनात कधीचं घोळत होतं. “बघितलंत? उगाच जुनी मढी उकरायची कशाला? सोमवारपासून—”

“थांबा,” दारातून आवाज आला. त्या मुलीच्या आजी धापा टाकत उभ्या होत्या. “कप माझा आहे.”

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. “तुझा? घर बदलताना पेटीत सापडला होता. मीही त्या शर्यतीत होतो, म्हणून मला वाटलं...”

“तुम्ही होतात. काठाच्या दोरीला धरून.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“पाहुण्यांना सांगताना तुम्ही इतके खुलायचात, म्हटलं जाऊ दे. आणि मला पोहता येतं का, हे कधी विचारलंत?”

आजोबा मटकन खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “येतं?”

“काल गृहपाठासाठी नातीनं विचारलं. घरात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं.” आजी मुख्याध्यापिकांकडे वळल्या. “हे तास बंद केलेत, तर मी रोज इथे येऊन बसेन.”

आजींचा एकूण आविर्भाव पाहून मुख्याध्यापिकांनी नवं वेळापत्रक मुकाट्यानं खणात सारलं.

बाई दोघांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. आजोबा पुढे होते. कप छातीशी धरून ते शिपायाला सांगत होते, “आमच्या हिनं मिळवलाय! पहिला नंबर! नदीला पूर आलेला, काठावर हजारो माणसं...”

बाईंनी चमकून आजींकडे पाहिलं. “अहो आजी, हे काय?”

आजींनी पदर सावरला. “राहू द्या बाई. तेवढं पुढच्या पिढीला शोधायला ठेवू.”